घर-पाच लागत नाही

एका डब्यातून दोन-दोन वायफाय कशाला काढतात हो? नाही, सांगाच मला! डबा एक, वायर एक, हप्ता एक, आणि नावं दोन. एक 'घर' आणि दुसरं 'घर-पाच'. 'घर' रांगतं, 'घर-पाच' पळतं. बरं, पळणारं असताना रांगणारं ठेवायचंच कशाला? ताईला विचारलं होतं, ती म्हणाली, "तुला नाही कळायचं." मोबाइलच्या दुकानात विचारलं, तो म्हणाला, "असतंच तसं." कंपनीच्या फोनवरच्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "आपला दिवस शुभ असो." आता हे काय उत्तर झालं?

तुम्हाला सांगतो, मला वायफायची हौस नाही. मी गाड्यांच्या सीटा शिवतो. रेक्झीन, फोम, सुई, दोरा... यात कुठे आलं वायफाय? पण आमची ताई गेली ना. तीन आठवडे झाले. ताप आला, साधा म्हणाले, मग साधा नाही म्हणाले, अकराव्या दिवशी संपलं. आणि काल तिच्या ऑफिसातून फोन! विम्याचं ऑफिस, गोड बोलणारी बाई. "आम्हाला खूप वाईट वाटलं. मॅडमचा मोबाइल आमच्या मालकीचा आहे. उद्या चारला माणूस येईल. मग तो फोन पुसला जाईल." मी म्हटलं, "पुसला म्हणजे? मी पुसून देतो की फडक्याने." ती म्हणाली, "नाही हो, आतून."

आतून!

मी म्हटलं, बाई, चार दिवस थांबा. तर म्हणे, "सिस्टिममध्ये उद्याची तारीख पडली आहे." पडली तर उचला ना! नाही. सिस्टिममध्ये पडलेलं कुणाला उचलता येत नाही म्हणे.

आता तुम्ही म्हणाल, फोनच तो, देऊन टाकायचा. पण ऐका तर. मी शाळा सोडली सहावीत. वाचता येतं मला, येत नाही असं नाही, पण एका ओळीत तीनदा ठेच लागते. म्हणून ताई मला कधी लिहायची नाही, बोलून पाठवायची. दिवसातून दहा-दहा वेळा. "येताना साबण आण, निळा, हिरवा आणलास तर परत पाठवीन." "आईने विचारलं तर मी जेवले म्हणून सांग." "माझी खुर्ची बसली रे, तुझ्याकडचा उरलेला फोम आण." असलंच सगळं. तीन वर्षांचं. आणि ते सगळं माझ्या फोनातून मी... उडवलं. मीच! फोन म्हणाला जागा संपली, मला गाड्यांच्या शर्यतीचा गेम घ्यायचा होता, यादीत तिचं नाव सगळ्यात वर, सगळ्यात जड. दाबलं बोट. तीन वर्षं गेली एका बोटात. अहो, पण तेव्हा ती पलीकडच्या खोलीत बसली होती! बोलत होती! जिवंत माणसाचा आवाज कोण साठवून ठेवतं, सांगा ना?

म्हणजे आता तो आवाज फक्त तिच्या फोनात. आणि तो फोन चार वाजता आतून पुसणार.

आज सकाळी नऊला बसलो. तिचा फोन एका मांडीवर, माझा दुसऱ्या. वायरीने घ्यावं म्हटलं, तर माझ्या फोनचं तोंड वाकडं. मीच एकदा वायर उलटी खुपसली होती, शिरत नव्हती म्हणून जोर लावला होता, तेव्हापासून चार्जिंगच कसंबसं होतं. निवडून घ्यावं म्हटलं, तर आत अकरा हजार फाइली, सगळ्यांची नावं नुसते आकडे. त्यात ताई कुठली आणि विमा कुठला, काय कळणार? एका ॲपमधून म्हणे एका फोनातलं सगळंच्या सगळं दुसऱ्यात येतं, वायफायवरून. लावलं. ताईचा फोन 'घर-पाच'वर, माझा 'घर'वर. पडद्यावर आलं, शिल्लक वेळ बावीस तास. माझ्याकडे होते सात.

म्हटलं, आपणही पाचवर जाऊ, हाय काय अन् नाय काय! पासवर्ड टाकला. गोल फिरलं, फिरलं, फिरलं... आणि खाली अक्षरं आली. जोडता आले नाही. पुन्हा प्रयत्न करा.

केला. जोडता आले नाही. पुन्हा प्रयत्न करा. वीस वेळा केला हो! आणि भाषा किती सभ्य बघा, कुठे राग नाही, कंटाळा नाही. हॉस्पिटलातले डॉक्टरसुद्धा शेवटी चिडले होते माझ्यावर.

कंपनीला फोन लावला. सात मिनिटं पिपाणी वाजली, मग बाई आल्या. "सर, आपण कोणत्या बँडवर आहात?" मी म्हटलं, "बाई, आमच्या घरात माणूस गेलंय, बँड कुठला लावता?" त्या म्हणाल्या, "सर, वायफायचा बँड." मी म्हटलं, मग तो माझा वाजलाच आहे! त्यांना हसू आलं नाही. त्यांना हसायची परवानगी नसावी. म्हणाल्या, "सर, पाचवालं भिंतीपलीकडे जात नाही. डब्याजवळ जा."

डबा ताईच्या खोलीत, कपाटावर. मी त्या खोलीत तीन आठवडे गेलो नव्हतो. गेलो. स्टूल घेतलं, वर चढलो, फोन डब्याला टेकवला, अगदी गालाला गाल लावून. जोडता आले नाही. पुन्हा प्रयत्न करा. आई दारात. "उतर खाली. पडशील." मी म्हटलं, "जवळ जायला सांगितलंय." "अजून किती जवळ जाणार? उतर म्हणते ना!" आणि थोड्या वेळाने हळूच, "लागलं का?"

फोनवरच्या बाई म्हणाल्या, "सर, बंद करून चालू करा." केला डबा बंद. केला चालू. चार दिवे लागले, आणि माझ्या डोळ्यांदेखत ताईचा फोन आपला आपण पाचवर जाऊन बसला! कुणी हात लावला नाही, काही नाही. जिचा फोन ती नाही, तरी तिचा लागतो, आणि मी इथे जिवंत, स्टुलावर उभा, माझा लागत नाही! "सर, मग मागे एक बारीक भोक आहे, त्यात टाचणी घाला, सगळं नव्यासारखं होईल." टाचण्यांना माझ्याकडे काय तोटा, शर्टालाच दोन टोचलेल्या असतात. घालणारच होतो, तेवढ्यात आईने मनगट धरलं. "तिने लावून ठेवलंय ते. नवं-बिवं काही करायचं नाही." बाई म्हणाल्या, आपला दिवस शुभ असो.

पळत मोबाइलच्या दुकानात. धापा टाकत म्हटलं, "पाच लागत नाही." तो म्हणाला, "सिम फाइव्ह जीचं पाहिजे." घेतलं. काहीही विचार न करता घेतलं, माझं असंच असतं. जिना चढून घरी आलो, लावलं... जोडता आले नाही. परत पळत दुकानात. तर तो शांतपणे म्हणतो, "अच्छा, वायफायचं पाच होय? ते पाच वेगळं, हे पाच वेगळं." अरे, पाच वेगवेगळे कसे असतील! पाच म्हणजे पाच! मग त्याने माझा फोन उलटापालटा केला आणि म्हणाला, "पण फोनमध्ये काही खोट नाही. यावर पाच लागायला पाहिजे. याला झेपतं."

आता हे ऐका. ताईने मला तीन वर्षं काय सांगितलं होतं? "तुझा फोन जुना आहे, त्याला पाच झेपत नाही." तीन वर्षं! मी आमच्या सीटांच्या दुकानात सगळ्यांना सांगत फिरायचो, आपला फोन गरीब आहे, पाच झेपत नाही. आणि हा म्हणतो, झेपतं.

डोक्यात नुसती भिरभिर. शेवटी ज्याने डबा बसवला होता तो वायफायवाला आला, दीड वाजता. पाठीवर शिडी, तोंडात स्क्रू. त्याने डबा उलटा केला, खालच्या कागदावरचे आकडे ताईच्या फोनात टाकले, एक पान उघडलं आणि वाचत बसला. "आई... बाबा... टीव्ही... मी..." ही ताईने दिलेली नावं, कोणाचा फोन कुठला कळावं म्हणून. बाबा जाऊन पाच वर्षं झाली, त्यांचा फोन आई वापरते रेडिओसारखा, पण नाव बाबाच. मग तो थांबला. मान वाकडी करून बघितलं. म्हणाला, "इथे खाली एक गाढव आहे."

मी म्हटलं, "काय?"

"गाढव. गाढवाला पाचवर बंदी आहे. मॅडमनीच घातलीय." मग माझ्याकडे बघितलं, माझ्या फोनकडे बघितलं, परत माझ्याकडे. "तुमचा तर नव्हे?"

आई हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. फस्सकन हसली, तोंडावर पदर धरला आणि उठून स्वयंपाकघरात गेली. मग बराच वेळ आतून नुसता नळाचा आवाज.

आणि मी? तापलो ना! म्हटलं, म्हणजे खोटं बोललीस! पाच झेपत नाही म्हणे! का गं? मी काय केलं होतं? गेमपायी? तुझ्या कामाच्या मधे येत होतो? मग तोंडावर सांगायचंस, एक धपाटा घालायचास, गुपचूप बंदी कशाला? पण सांगणार कोण... आईला विचारलं, तिने नळ आणखी सोडला. वायफायवाला म्हणाला, "कारणाचा रकाना नसतो यात. काढायचं असेल तर इथे दाबा." आणि मी दाबलं. रागात. काही मागचापुढचा विचार नाही, दाबलं.

गाढव गेलं.

पाच लागलं! लगेच! गोल फिरलंसुद्धा नाही. आणि मी त्या पानाकडे बघतोय, तर जिथे गाढव होतं तिथे रिकामं. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. अहो, ताईने माझ्यासाठी जन्मात लिहिलेलं तेवढंच होतं! बाकी सगळं बोललेलं. लिहिलेली अक्षरं तीन, तीही मला न दाखवता, आणि ती मी वाचल्या-वाचल्या पुसली.

म्हटलं, "परत लिही." तो म्हणाला, "बंदी घालू परत?" "बंदी नको, नुसतं नाव." त्याने बिचाऱ्याने लिहिलं. ग, ढ, व, काना बरोबर जागेवर. मी बघितलं. तेच होतं आणि तेच नव्हतं. म्हटलं, "काढ ते! तू कोण मला गाढव म्हणणारा?" त्याने काढलं. शिडी उचलली, स्क्रू तोंडातून काढून खिशात टाकला आणि म्हणाला, "मॅडम चांगल्या होत्या. मला नेहमी पाणी विचारायच्या." मी त्याला पाणीही विचारलं नव्हतं.

दोनला सुरू झालं. शिल्लक वेळ एक तास पन्नास. मी दोन्ही फोन मांडीवर घेऊन बसलो, हललो नाही, खोकलो नाही. आणि साडेतीनला बेल! ऑफिसचा माणूस, अर्धा तास आधीच. शर्ट आत खोचलेला, हातात फाइल. मी म्हटलं, "चार सांगितलं होतं." तो म्हणाला, "हो, लवकर आलो." मी म्हटलं, "मग लवकर बसा." बसला. कुठे? ताईच्या खुर्चीत. माझा फोम घातलेली. फोम बरा बसलाय, एवढं मात्र दिसलं.

चार वाजले. अजून चार टक्के बाकी. त्याने घड्याळ बघितलं, पडद्याकडे बघितलं, मग फाइल उघडून तिच्यात उगाच काहीतरी वाचत बसला. वाईट माणूस नव्हता. चार वाजून नऊ मिनिटांनी पडद्यावर आलं, पूर्ण झाले. अकरा हजार फाइली. आता माझ्याकडे आहेत. एकही ऐकलेली नाही. आकडेच आकडे आहेत नुसते... कुठला दाबला तर साबण निघेल आणि कुठला दाबला तर हप्त्याची चौकशी, सांगता येत नाही. दाबून बघेन कधीतरी.

मग त्याने एक फॉर्म काढला. "मी भरू का?" मी म्हटलं, नाही, मीच भरतो. एकेक अक्षर लावत वाचलं, तो थांबला. वस्तू, मोबाइल. वस्तूची स्थिती, चांगली. परत करणाऱ्याचं नातं, भाऊ... लिहिलं, दीर्घ ऊसकट. मग परत करण्याचं कारण. चार चौकोन. राजीनामा. बदली. निवृत्ती. इतर.

त्याने हळूच 'इतर'वर बोट ठेवलं. "अशा वेळी इथे खूण करतात."

इतर? आमची ताई इतर? राजीनामा तिने दिला नाही, तापातसुद्धा ऑफिसचे फोन घेत होती. निवृत्तीचं तिचं वय नव्हतं. मी म्हटलं, बोट काढा. आणि बदलीवर खूण केली. ठळक, दोनदा. तो कसनुसा झाला. "अहो, सिस्टिम विचारेल, कुठे झाली बदली?"

म्हटलं, विचारू दे.

तो गेला फोन घेऊन. बदलीवरच भागवलं हो मी... तिला बढती हवी होती, पण तो चौकोनच नव्हता.