डावा खांदा, तीन सूत

नरहर : हात खाली घे. आता परत वर. नमस्कार नाही रे, अर्घ्य. घाटावर सूर्याला पाणी देतोस तसं.

शार्दूल : बाबा, मी कधी अर्घ्य देतो?

नरहर : देत नाहीस ते काकाला सांगू नकोस. कोटाला तरी कळू दे, तू रामघाटचा आहेस. ओंजळ कपाळापर्यंत ने. हं. शरू, मागून बघ. कॉलर मान सोडतेय का?

शरदिनी : नाही. चिकटून आहे.

नरहर : आणि पाठ?

शरदिनी : एक आडवी चुणी येते, बाबा. डावीकडे.

नरहर : येणारच. हे साहेब लहानपणी पतंगामागे धावताना राजा घाटाच्या पायऱ्यांवरून पडले होते. हाड जुळलं, खांदा खालीच राहिला. तीन सूत.

शार्दूल : सूत म्हणजे किती? आणि कुणाला दिसतं ते?

नरहर : इंचाचे आठ भाग कर, त्यातले तीन. तुला दिसत नाही, कारण पहिलीपासून तुझे सगळे शर्ट मी शिवलेत.

शार्दूल : बँकेत सगळे रेडीमेड घालतात, बाबा. सिगऱ्याच्या मॉलमध्ये जायचं, पाच सूट घालून बघायचे, एक घ्यायचा. पंधरा मिनिटांत बाहेर. इथे ही तिसरी ट्रायल. मतलब, लग्न माझं आहे की कोटाचं?

नरहर : लग्न एक दिवसाचं, गुरू. कोट वीस वर्षांचा. शिवणीत दीड इंच माया सोडलीये. बायकोच्या हातचं खाऊन पोट सुटलं की उसवून देईन. मॉलवाला देईल?

शार्दूल : मॉलवाला दुसरा विकेल.

नरहर : हे मात्र खरं बोललास.

शरदिनी : शार्दूल, हलू नकोस. टाचण्या आहेत.

शार्दूल : ताई, तू पण ना. युनिव्हर्सिटीत सगळ्यांना शिकवतेस आणि घरी आलीस की टाचण्यांची डबी धरून उभी.

नरहर : ती डबी धरते म्हणून तुझं रक्त निघत नाही. काढ आता, हळूच. बाही कच्च्या धाग्यावर आहे. आणि मघाशी जिन्यात फोनवर काय कुजबुजत होतास?

शार्दूल : काही नाही. देवश्रीचे बाबा होते.

नरहर : व्याही आमचे. काय म्हणतात रत्नाकरराव?

शार्दूल : शालू बघायला येणार म्हणे. अकरा. म्हणाले, 'आपल्याच दुकानातून घेऊ, बाहेर कशाला?'

नरहर : कुठलं दुकान?

शार्दूल : ते ताईला विचारा. स्थळ बघताना माहितीचा कागद तिने लिहिला होता.

शरदिनी : मी लिहिलं होतं, 'वडील : बनारसी वस्त्रांचे व्यापारी.'

नरहर : अरे वा! तरीच. नागपूरला साखरपुड्यात ते मला तीनदा विचारत होते, 'काय म्हणतो बाजार?' मी आपला तीनदा 'बरा आहे' म्हणालो. एका ओळीत शेठ केलंस की मला. गादी कुठे आहे माझी?

शरदिनी : बाबा, सगळेच थोडं वाढवून लिहितात. वैदिकांच्या घरातला माणूस टेलर आहे म्हटलं की लोक दहा प्रश्न विचारतात.

नरहर : दहाच? दादाने मला पन्नास विचारले होते. 'आपण पूजेला शिवलेलं वस्त्र नेसत नाही आणि तू शिवत बसणार?' मी म्हटलं, दादा, पूजा तासाभराची. उरलेला दिवस लोक कपडे घालूनच हिंडतात.

शरदिनी : तुम्हाला वाईट वाटलं.

नरहर : छे गं. अकरा शालू कुठून आणू, तेवढंच सुचत नाहीये. सांगून टाक त्यांना कधीतरी. तुझ्याच तोंडून सांग. तुला नीट बोलता येतं.

शरदिनी : सांगेन. लग्न होऊ दे आधी.

नरहर : लग्न होऊ दे, मग बारसं होऊ दे. बरं. दुसरी बाही उद्या लावतो, आज ऊन गेलं. तेवढ्या सहा सुया ओवून ठेव. सकाळी मला भोकं दिसत नाहीत.

शरदिनी : काळा दोरा?

नरहर : काळाच. मेण लावून. आणि चहा टाक, आलं जरा जास्त. शार्दूल, कोट खुर्चीवर फेकू नकोस. आत माणूस आहे असं समजून टांग.

(नरहर दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच गेले. अडीच महिन्यांनंतर, शिवणाच्या त्याच खोलीत शरदिनी, शार्दूल आणि नरहरचे थोरले भाऊ विश्वेश्वर.)

विश्वेश्वर : ही पाटी परत कुणी टांगली?

शरदिनी : मी. सकाळी.

विश्वेश्वर : मी ती उतरवून दारामागे ठेवली होती. विचार करून ठेवली होती.

शरदिनी : माहीत आहे, काका. मीही विचार करूनच टांगली.

विश्वेश्वर : अगं, वर्षाच्या आत लग्न झालं नाही तर तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून धावपळ करून फाल्गुनातला मुहूर्त काढला. रत्नाकरराव उद्या पहिल्यांदा काशीत येताहेत. आणि दारावर काय? 'नरहर टेलर्स, कोट-पँट स्पेशालिस्ट'!

शरदिनी : होते ते स्पेशालिस्ट.

विश्वेश्वर : नव्हता असं मी म्हणालो का? ऐक. ठठेरी बाजारात माझे यजमान आहेत, श्रीराम सेठ. मोठं दुकान आहे. उद्या तासभर शार्दूल तिथे गादीवर बसेल. अकरा शालू दाखवायचे, गोड बोलायचं, घरी आणून जेवू घालायचं. मी बोलून ठेवलंय.

शरदिनी : आणि तुम्ही घरोघर सत्यनारायण करता.

विश्वेश्वर : टोमणे मारू नकोस. खोटं मी लिहिलेलं नाही. ते तुझ्या अक्षरात आहे.

शरदिनी : हो. माझ्याच अक्षरात आहे.

शार्दूल : अरे, भांडू नका ना. ताई, बघ, मी सूट आणलाय. नेव्ही ब्लू. घालून बघितला, मस्त बसतो. बाबांचा तर अधुराच राहिला. मला ते कपाट उघडवत पण नाही.

शरदिनी : घालून दाखव.

शार्दूल : आत्ता?

शरदिनी : आत्ता.

शार्दूल : हं. घे. कसाय?

शरदिनी : रंग चांगला आहे. आता ओंजळ कर.

शार्दूल : ताई, प्लीज.

शरदिनी : अर्घ्य दे. कपाळापर्यंत ने हात.

विश्वेश्वर : अरे, कॉलर कानाला टेकली की तुझी!

शरदिनी : डावा खांदा बघा, काका.

विश्वेश्वर : हा... हा खांदा असा कधीपासून?

शरदिनी : सात वर्षांचा होता तेव्हापासून. तुमच्या डोळ्यांसमोर वाढलाय. बाबांनी दिसू दिला नाही, म्हणून तुम्हाला दिसला नाही.

शार्दूल : दुकानातल्या आरशात असा दिसत नव्हता.

शरदिनी : दुकानात कुणी हात वर करायला सांगितलं नसेल. काढ तो. कपाट उघड.

शार्दूल : नको ना. एकच बाही लावलेला कोट बघून मी काय करू?

शरदिनी : उघड तर.

शार्दूल : ताई... याला दोन्ही बाह्या आहेत.

शरदिनी : गेल्या महिन्यात मी तो घेऊन नावेने रामनगरला गेले होते. काशीनाथ मास्टर आणि बाबा एकाच उस्तादाकडे शिकले. त्यांनी लावली. कापडाला मापाची चिठ्ठी टाचलेली होती. बाबांनी लिहून ठेवलं होतं, 'चि. शार्दूल. डावा खांदा, तीन सूत.' मास्टरांना मला एक शब्दसुद्धा विचारावा लागला नाही.

विश्वेश्वर : सगळा त्यानेच पुरा केला?

शरदिनी : नाही. म्हणाले, 'अस्तर की तुरपाई हम नहीं करेंगे, बिटिया. घर का हाथ लगने दो.' ती मी केली. सुया ओवलेल्या होत्याच.

शार्दूल : त्या? त्या दिवशीच्या?

शरदिनी : हो. पाच लागल्या.

विश्वेश्वर : आणि सहावी?

शरदिनी : टाचण्यांच्या उशीत टोचलेली आहे. असू दे. शार्दूल, घाल.

शार्दूल : थांब. बटण... हं. आता हात वर करतो. बघ. अरे, काही होतच नाहीये. अंगावर कोट आहे असं वाटतच नाहीये, यार.

शरदिनी : आत खिशाजवळ टाके वाकडे आलेत माझे.

शार्दूल : येऊ देत. मी हाच घालणार. आणि काका, मी कुणाच्या गादीवर बसणार नाही. त्यांनी विचारलं, हा कतान आहे की जॉर्जेट, तर मी काय सांगू? मुदत ठेवीचा व्याजदर?

विश्वेश्वर : थट्टा सुचतेय तुला. लग्न मोडलं तर?

शार्दूल : त्याचीच भीती वाटते, काका. देवश्रीला मी पण नाही सांगितलं. चार महिने रोज बोलतोय आम्ही. ताईने एकदाच लिहिलं, मी रोज गप्प बसलो.

शरदिनी : तू लपवलंस ते मी लिहिलेलं होतं. मोडलं तर मोडेल. दोष माझा आणि तो मी घेईन. पण बाबांना दारामागे ठेवून या घरात मांडव पडणार नाही.

विश्वेश्वर : बोलणं सोपं आहे. तू युनिव्हर्सिटीत जातेस, तिथे कोण कुणाचं कोण आहे? मला याच गल्लीतून रोज उठून यजमानांकडे जायचं असतं. चाळीस वर्षं लोक विचारताहेत, 'गुरुजी, धाकटे काय करतात?'

शरदिनी : तुम्ही काय सांगता?

विश्वेश्वर : सांगतो... रामनगरला असतो म्हणून.

शार्दूल : काका! तुमच्या पायाखालच्या खोलीत बसायचे ते!

शरदिनी : राहू दे, शार्दूल. मी त्यांना व्यापारी केलं, काकांनी नदीपार धाडलं. काका, एक विचारू? शालीच्या आत काय घातलंय तुम्ही?

विश्वेश्वर : आत? बंडी. थंडी आहे.

शरदिनी : आतल्या खिशाची. पंचांग बसेल एवढा खिसा. दर कार्तिकात एक नवी यायची. कुणी शिवली?

विश्वेश्वर : त्याने मला मापाला कधी उभं केलं नाही.

शरदिनी : तुम्ही उभे राहिला नसता. तुम्ही स्नान करून घाटाच्या पायऱ्या चढायचात, तेव्हा ते या दारातून बघायचे. नजरेनेच माप घ्यायचे. म्हणायचे, 'दादा यंदा वाळला, अर्धा इंच आत घेतो.'

विश्वेश्वर : यंदा कार्तिकात आली नाही. मी वाट बघत होतो. विचारणार कुणाला?

शरदिनी : कापड कापून ठेवलंय. कोट झाला की शिवणार होते.

विश्वेश्वर : कुठे आहे?

शरदिनी : त्या खालच्या खणात. देते काढून.

शार्दूल : एक मिनिट, फोन. देवश्रीचे बाबा. हॅलो, नमस्कार, रत्नाकरकाका. काय? आज? नाही, नाही, चांगलंच आहे की... कुठे? थांबा हं, लाइनवर राहा. ताई, ते आजच आलेत! नावेने रामघाटाला उतरले आणि खाली गल्लीच्या तोंडाशी उभे आहेत. विचारतात, आपलं दुकान कुठलं.

शरदिनी : काका, तुम्ही कुठे निघालात?

विश्वेश्वर : बाहेर.

शरदिनी : ठठेरी बाजारात?

विश्वेश्वर : पाटीपाशी. वाकडी टांगलीस ती. परका माणूस येतोय, सरळ करतो.

शार्दूल : काय सांगू? ताई, मी सांगतो. मीच सांगायला हवं.

शरदिनी : नको. तू देवश्रीला सांग, ते तुझं. हे लिहिलं मी होतं. दे इकडे फोन. नमस्कार, रत्नाकरकाका. मी शार्दूलची ताई, शरदिनी. गल्लीत सरळ चढून या. डाव्या हाताला एक पाटी दिसेल, शाल पांघरलेले एक गृहस्थ ती नीट करताहेत. हो, 'टेलर्स' लिहिलंय तीच. नाही, तुम्ही चुकला नाहीत. शालू नाहीत इथे. कधीच नव्हते. मी तुम्हाला खोटं लिहिलं होतं. हॅलो? घंटा वाजतेय तिकडे, ऐकू येत नसेल. परत सांगते. माझे बाबा टेलर होते.