अप नाडोंचा तिसरा नकार

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आणि आमच्या पर्यटन कंपनीच्या मालकीण आदरणीय आउम यांगकी. थिंफूच्या रुग्णालयातली गर्दी मागे ठेवून आलेले प्रमुख पाहुणे डॉक्टरसाहेब. सत्कारमूर्ती, आपणा सर्वांना वडिलांसारखे म्हणून 'अप', अप नाडो आणि त्यांच्या पत्नी आउम गाकी. समोर बसलेले माझे वाटाडे बंधुभगिनी आणि चालक मित्रहो, आपणा सर्वांना सेल्डनचा वाकून नमस्कार.

मघाशी जिन्यात अप नाडोंनी मला गाठलं. म्हणाले, "सेल्डन, दरडीची ती गोष्ट काढू नकोस ला." मीही आदराचा 'ला' जोडून म्हटलं, "नाही काढणार ला." आपल्याकडच्या अशा 'नाही'चा अर्थ काय, हे या सभागृहात कुणाला वेगळं सांगायला हवं का?

बऱ्याच वर्षांपूर्वी हॉलंडहून आलेलं एक जोडपं होतं. बाईंचं नाव अनेलीस, त्यांचे यजमान विलेम. बाई शाळेच्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या. विलेम कमी बोलायचे. बाईंनी ती जबाबदारी एकटीने उचलली होती. मी त्यांची वाटाडी आणि अप नाडो चालक. वांगदीहून त्रोंग्साकडे निघालो तोवर बाईंनी आम्हाला पुरतं भंडावून सोडलं होतं. हॉटेलात सरळ म्हणाल्या, "सूप खारट आहे." त्यांना वाटलं, आपण माहिती दिली. इकडे आचारी, व्यवस्थापक आणि व्यवस्थापकाची आई अशी तिघं हात जोडून टेबलापाशी उभी राहिली आणि पाठोपाठ पाच भाज्या आल्या. बाई मला विचारतात, "मी कुणाचा अपमान केला का?" काय सांगणार?

आमचीही त्यांच्यापुढे तीच गत. पावसाळा सरत आला होता, पण डोंगर अजून ओला होता. बाईंनी विचारलं, "मिस्टर नाडो, पुढचा रस्ता सुरू असेल?"

"असेल ला."

"कुणाला विचारलंत?"

"नाही ला."

"मग 'असेल' का म्हणालात?"

अप नाडो आरशातून नुसते हसले. पाहुण्याला सकाळी सकाळी वाईट बातमी कोण देतं? बाई माझ्याकडे वळल्या. "तुमचं 'हो' म्हणजे हो असतं, की 'ऐकू आलं' असतं?" मंडळी, मी परीक्षा देऊन वाटाडी झाले. हा प्रश्न परीक्षेत नव्हता.

रस्ता अर्थातच बंद होता. दरड कोसळली होती. पुढे बुलडोझर, मागे ट्रकांची रांग, एका बाजूला दरी आणि दुसऱ्या बाजूला मधूनच खडे सोडणारा डोंगर. जेवण त्रोंग्सात ठरलेलं, म्हणजे त्या दिवशी जेवणाची आशाच नव्हती. बाईंनी पिशवीतून पत्र्याचा एक डबा काढला. आत गुळासारखा पाक भरलेल्या, बिस्किटासारख्या पातळ, गोल चकत्या. एक विलेमना दिली, एक मला दिली, आणि डबा अप नाडोंपुढे धरला.

अप नाडोंनी काय केलं असेल? तुम्ही-आम्ही जे केलं असतं तेच. तोंडावर हात धरला, मान झुकवली आणि म्हणाले, "मेशू, मेशू." नको, नको.

"नको? बरं," बाई म्हणाल्या, आणि टक्कन झाकण लागलं.

मी ते झाकण बघतच राहिले. दुसऱ्यांदा विचारणं नाही, तिसऱ्यांदा हातात कोंबणं नाही. त्यांच्या गावी 'नको' म्हणणाऱ्याला पुन्हा विचारणं म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास. माझ्या ओठांवर आलं होतं, 'बाई, पुन्हा विचारा.' पण अप नाडोंसमोर तसं म्हणणं म्हणजे त्यांच्यासाठी भीक मागणं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. थोड्या वेळाने डबा पुन्हा निघाला, पुन्हा एकदाच फिरला, पुन्हा "मेशू", पुन्हा टक्क.

एक गोष्ट गाडीत त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. अप नाडोंना साखरेचा आजार होता. पहाटे निघताना ते इन्सुलिनची सुई टोचून घेत, आणि मग वेळेवर पोटात काही जावंच लागे. हे घरी फक्त आउम गाकींना माहीत होतं. कंपनीला कळलं तर हातातलं स्टिअरिंग जाईल, या धास्तीने त्यांनी ते लपवलं होतं.

गारठ्यातही त्यांच्या मानेवर घाम आला. मला वाटलं, काळजीने आला असेल. बाई म्हणाल्या, "आपण मागे का फिरत नाही? कुणीतरी निर्णय घ्यायला हवा."

अप नाडो मागे वळले आणि ओरडले, "गप्प बसा हो! किती बोलाल!"

 या माणसाने रस्त्यात आडव्या बसलेल्या याकलाही कधी मोठ्याने हाकललं नव्हतं. बाई मात्र खूश झाल्या! विलेमना कोपर मारून म्हणाल्या, "बघ, शेवटी एक तरी माणूस मनातलं बोलला!"

"बाई, हे मनातलं नाही," मी म्हटलं. "यांना काहीतरी होतंय."

तेवढ्यात पुढच्या माणसाने हिरवं निशाण हलवलं. एकेक गाडी सोडायला सुरुवात झाली. मागून भोंगे वाजू लागले. अप नाडोंनी गाडी सुरू केली, आणि ती दरीकडे सरकली.

"अप, थांबा."

"गप."

"अप, चाक कडेला चाललंय! थांबा!"

"तू कोण मला शिकवणारी?" शब्द जिभेवर अडखळत होते. नजर समोर होती, पण ती रस्ता पाहत नव्हती.

मी हातब्रेक ओढला. वडिलांच्या वयाच्या माणसाचा हात झटकून चावी काढून घेतली. गाडी आचका देऊन उभी राहिली. माझ्या खिडकीतून खाली पाहिलं, तर रस्ता दिसतच नव्हता.

मागून विलेम बोलले. दोन दिवसांतलं त्यांचं बहुधा पहिलंच पूर्ण वाक्य. "माझ्या भावाला असंच व्हायचं. साखर उतरली आहे यांची. गोड द्या, लगेच!"

बाईंनी डबा उघडला, चकती पुढे केली. आणि अप नाडो? डोळे मिटत चाललेले, हात थरथरतोय, तरी तो हात तोंडावर गेला. "मेशू... मेशू..."

बाईंचा हात थबकला. "हे नको म्हणतायत."

"झाकण लावू नका!" मी किंचाळले. "आमच्यात 'नको' म्हणजे पुन्हा विचारा!"

"किती वेळा?"

"आता विचारूच नका, बाई! भरवा!"

त्यांनी भरवलं. मुख्याध्यापिकेच्या आवाजात "चावा. गिळा. आणखी," असं म्हणत भरवलं. मागच्या ट्रकचा चालक भांडायला म्हणून आला होता. आत डोकावला आणि पळत जाऊन आपल्या थर्मासमधला दुधासाखरेचा चहा घेऊन आला. घोट घोट पाजला. वर डोंगर खडे सोडतच होता. बऱ्याच वेळाने अप नाडोंनी डोळे नीट उघडले, बाईंकडे पाहिलं आणि आधी काय विचारावं?

"मी काही उलटं बोललो का ला?"

"बोललात," बाई म्हणाल्या. "आणि बरोबर बोललात." मग त्या रडायला लागल्या.

त्या ट्रकवाल्याने आमची गाडी पलीकडे नेऊन दिली. त्रोंग्साच्या दवाखान्यातून आउम गाकींना फोन लावला, तेव्हा त्या म्हणाल्या, "बिस्किटाचा एवढा मान राखणाऱ्या माणसाने बायकोचं एकदा ऐकलं असतं तर?" हसू नका, त्या तेव्हा हसत नव्हत्या.

आता पुढचं सांगते. हे सांगताना मला अध्यक्षांकडे पाहायचं धाडस होत नाही.

थिंफूला परतल्यावर अप नाडो थेट कार्यालयात आले आणि आजाराचं सगळं सांगून टाकलं. पाहुणे दोघेही हट्टाने बरोबर आले. आउम यांगकी ऐकत होत्या. हा त्यांच्या वडिलांच्या काळचा चालक. त्यांना शाळेत सोडणारा. त्याला तोंडावर 'आता गाडी नको' कसं म्हणायचं? त्या म्हणाल्या, "अप, थोडे दिवस विश्रांती घ्या. मग पुन्हा तुमची गाडी तुम्हीच चालवा."

"नको ला."

"असं कसं? तुमच्याशिवाय कोण आहे आम्हाला?"

"नको ला."

बाई माझ्या कानाशी लागल्या. "या खरंच विचारतायत, की रीत म्हणून?"

 मला एवढंच दिसत होतं, की आउमच्या हातातली पेन्सिल वाकत होती. आणि मला आपली रीत माहीत होती. दोनदा नकार हा मान. तिसऱ्यांदा माणूस स्वीकारतो. तिसऱ्यांदा नाही म्हणणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडात मारणं. आणि रीतीप्रमाणे आउमना तिसऱ्यांदा विचारणं भागच होतं.

"अप, माझ्या वडिलांसाठी तरी."

 अप नाडोंनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. तोंडाशी नेले नाहीत. मान वर केली. म्हणाले, "नाही. गाडीत लोक असतात. मी चालवणार नाही."

आणि त्यांनी चावी टेबलावर ठेवली.

त्यानंतर इतकी वर्षं त्यांनी नवे चालक तयार केले. समोरच्या दोन रांगा त्यांच्याच हाताखालच्या आहेत. यातल्या कितीतरी जणांनी आपला दम, आपली फिट, आपले अधू डोळे आधी अप नाडोंना सांगितले, कारण हा माणूस ऐकून घेतो आणि घाटात पाठवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी सगळे गेल्यावर आउम यांगकींनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, "सेल्डन, ते 'हो' म्हणाले असते, तर मी काय केलं असतं गं?"

आउम, मला अजून उत्तर सुचलेलं नाही. ते शोधायची वेळ त्यांनी तुमच्यावर येऊ दिली नाही, म्हणून आज हा सत्कार आहे, असं मी समजते.

मला बोलायची संधी दिलीत आणि शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. वडीलधाऱ्यांविषयी बोलताना शब्द कुठे वाकडा गेला असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर ती चूक माझ्या जिभेची माना, मनाची नको. अप नाडो, आउम गाकी, तुम्हा दोघांना दीर्घायुष्य लाभो. मी आपली रजा घेते.