अप्पा, मलापण हे लग्न नको
हसू नका, पण माझ्या नोकरीसाठी मी अप्पांचे आणि एका मालिकेचे उपकार मानते. शुक्रवार पेठेतल्या घरी आम्ही सगळे ती रोज बघायचो. होणाऱ्या नवऱ्याच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावणारी नायिका एके दिवशी त्याला म्हणाली, "हे लग्न मला नको."

आई चिडली, "पोरगी वाया गेली की!"

अप्पा म्हणाले, "वाया न्हाय, मोठी झाली."

माझा नुकताच साखरपुडा झाला होता. नवऱ्या मुलाला माझी नर्सची नोकरी खुपत होती आणि मी गप्प बसले होते. धीर करून म्हटलं, "अप्पा, मलापण हे लग्न नको. तो नोकरी सोड म्हणतो."

अप्पांनी टीव्ही बंद केला. मला वाटलं, आता ओरडणार.

"त्यांना फोन लावून दे," ते म्हणाले. "नकार मी कळवतो. तू उद्या ड्युटीला जा."