सील न फोडलेला कॅमेरा

...आणि वर मलाच म्हणतात, "घाईत काही घ्यायचं नाही!" अहो, घाई? तुम्हाला सांगते, तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर व्हिडिओ कॅमेऱ्यांची माहितीपत्रकं पसरलेली, मी वाट्या ठेवू कुठे? मांडीवर?

बरं, कॅमेरा हवा होता कुणासाठी? सासूबाईंच्या थोरल्या बहिणीसाठी. आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणतो. दोन वर्षं झाली, मावशी अंथरुणावर आहेत. आम्ही सुट्टीत समुद्रावर जाणार म्हटल्यावर एवढंच म्हणाल्या, "मी काही बघितला नाही बाई समुद्र. येताना घेऊन या थोडा." झालं! आमच्या ह्यांनी शब्द दिला, "मावशी, हलताबोलता समुद्र आणतो!" छोटासा, खिशात मावणारा, आपल्याला परवडणारा कॅमेरा घ्यायचा ठरला.

मग दुकानं सुरू. ह्यांची परीक्षा कशी, तर कॅमेरा खिशात घालायचा आणि दुकानातल्या खुर्चीवर पाच वेळा उठबस करायची! विक्रेता बिचारा बघतोय... महाग असला की, "एवढा महाग का?" स्वस्त असला की आणखी संशयानं, "एवढा स्वस्त का हो?" मी म्हटलं, अहो, परवा निघायचंय. तर, "अगं, घाईत काही घ्यायचं नाही!"

शेवटी तो विक्रेता घायकुतीला येऊन म्हणाला, "साहेब, घेऊन तर जा! नाही पटला तर पंधरा दिवसांत परत घेतो. फक्त खोक्याचं सील फोडू नका."

तिथेच घात झाला. कारण सील न फोडता कॅमेरा पटणार कसा, हा प्रश्न मला पडला, ह्यांना नाही पडला!

खोकं निघालं आमच्याबरोबर. बसमध्ये खिडकीची जागा कुणाला? खोक्याला! धक्का लागायला नको ना. सासूबाई कडेला. आणि समुद्रावर, काय सांगू तुम्हाला, सासूबाई चपला हातात घेऊन पाण्यात उभ्या, लाट आली की किंचाळतायत, लहान मुलीसारख्या हसतायत... चाळीस वर्षांत ह्यांनी आईला असं पाहिलं नव्हतं, स्वतःच म्हणाले. मी म्हटलं, अहो, काढा की बाहेर, मावशींना दाखवायचंय! तर खोक्याला टॉवेल गुंडाळून छातीशी धरलेलं, "पण पुढच्या आठवड्यात नवीन मॉडेल येतंय गं. सील फोडलं की अडकलो. घाईत काही..."

पुढचं मी लाटांच्या आवाजात ऐकलं नाही. समुद्राचा तेवढा फायदा.

परत आलो. चौदाव्या दिवशी खोकं दुकानात जमा. आणि पंधराव्या दिवशी मावशींकडे. मावशी उशीला टेकून वाटच बघत होत्या. "आणलात का रे माझा समुद्र?"

हे आपले पंख्याकडे बघतायत. मी जमिनीकडे.

तेवढ्यात सासूबाई उठल्या, चपला हातात घेतल्या आणि फरशीवर चालायला लागल्या. "ताई, हे बघ, वाळू अशी पायाखालून सरकते. आणि लांबून येतं ते, शूऽऽऽ करत... आणि मग लाट ही अशी येते!" म्हणत उशाशी असलेला पाण्याचा तांब्या, अहो, आख्खा मावशींच्या पायांवर! मी धावले पुसायला. तर मावशी पोट धरधरून हसतायत, "अगं भवाने, भिजवलंस की मला! अजून एक लाट आण!" दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून हसतायत, गादी ओली, फरशी ओली, आणि आमच्या ह्यांचे डोळेसुद्धा.

मला कोपरानं ढोसून म्हणाले, "अगं, ह्याचं शूटिंग घ्यायला हवं होतं!"

म्हटलं, घ्या की.

"कसं घेणार? कालच तर परत केला." आणि वर मलाच, "तू मला थांबवायचंस ना! परत करायची एवढी काय घाई होती?"

आता टेबलावर पुन्हा माहितीपत्रकं आलीत. मी आपली वाट्या मांडीवर घेते आणि जेवते.