नावाड्याच्या मुलीची गोष्ट

(कसबा पेठेतलं घर, दुपार. निवृत्त शिक्षिका प्रेमलाबाई आपली पहिली कादंबरी तोंडी सांगतात. प्रकाशकांकडची नम्रता, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, ती रेकॉर्ड करून टाइप करते.)

नम्रता : नाही हो बाई, रस्त्यावरचा आवाज नाहीये तो. लहान मुलगा आहे. तुम्ही वाक्य संपवून थांबता ना, तिथे बरोबर ‘हं’ म्हणतो.

बाई : शेजारची कार्टी असतील. त्यांच्या आयांना वेळ कुठे आहे आवरायला!

नम्रता : प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये? काल तर ‘ताई’ म्हणाला.

बाई : ...हेडफोन दे इकडे.

नम्रता : हे बघा, आत्ता! आलं ऐकू?

बाई : माझंच गुऱ्हाळ येतंय. बाकी काही नाही.

नम्रता : सिरियसली, बाई?

बाई : सुदर्शन असेल. माझा धाकटा भाऊ. मी गोष्ट सांगायची, त्याने हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट बंद. तापात होता तेव्हा हीच नावाड्याच्या मुलीची गोष्ट सांगत होते. मध्येच हुंकार थांबला. मला वाटलं, झोपला.

नम्रता : अरे देवा...

बाई : पुढे वर्गात तुम्हा पोरांना ढीगभर गोष्टी सांगितल्या. ही नाही सांगितली कुणाला. लिहायला बसले की सुचायचं नाही. तुझ्यासमोर बोलायला लागले आणि सरसर आली. आता कळलं, का ते.

नम्रता : बाई, शेवटचं प्रकरण राहिलंय. आमचे प्रकाशक सर छपाईसाठी खोळंबलेत.

बाई : नाहीच दिलं तर?

नम्रता : तर पुस्तक नाही येणार.

बाई : आणि दिलं, तर हा कशाला थांबेल?

नम्रता : मी काय सांगू, बाई?

बाई : पुस्तकाची हौस मला जन्मभर होती गं. तीही जाऊ दे एक वेळ. पण त्या पोराने शेवटासाठी किती ताटकळायचं? घाल हेडफोन. ...मग नावाड्याच्या मुलीने होडी काठाला लावली.

नम्रता : ‘हं’ म्हणाला.

बाई : गावातली सगळी दारं उघडी होती.

नम्रता : बाई, फार जवळून आला. तुमच्या मांडीशी.

बाई : ...ती आपल्या घरात शिरली. संपली गोष्ट. काही म्हणतोय?

नम्रता : विचारतोय, ‘ताई, आता झोपू?’

बाई : नको म्हटलं, तर थांबेल का गं?

नम्रता : थांबेल, बाई. तुमचं ऐकतो तो.

बाई : ...झोप, सुदर्शन. पुढे काही नाही आता.