हंगेरीपर्यंतची भांडी

घाटमाथ्यावरच्या टपरीत लोरेडाना कॉफी गाळत होती. समोर रांगेत हेल्मेट काखेत धरून हंगेरीला निघालेल्या स्कूटर क्लबातली दोघं उभी होती.

"एर्सिलियाबाई, वर पोचलात कशा?"

"स्कूटरवर. तुम्ही, ग्वाल्तिएरो?"

"क्लच गेला. क्लबाच्या सामानाच्या टेम्पोतून आलो."

"अरेरे! आणि काल तंबूत कोण गरजत होतं? म्हातारीचं खेळणं घाटात मरेल, बाईला घरी पाठवा म्हणून?"

"काळजीपोटी बोललो हो."

"काळजी! जन्मभर नवऱ्याच्या मागं बसले. तो गेल्यावर हँडल हाती आलं, तेही काढून घ्यायला निघालात."

"पण तो चढ त्या स्कूटरला झेपला कसा?"

"दमली तिथं उतरून ढकलली. ढकलायला बंदी नाही. शिक्षा टेम्पोत बसणाऱ्याला आहे."

"तो नियम गमतीत केला होता."

"केला तुम्हीच. टेम्पोत बसेल त्यानं हंगेरीपर्यंत अख्ख्या क्लबाची भांडी घासायची."

"रोज?"

"रोज. आज मी पोलेंटा शिजवणार आहे. मक्याचं पीठ बुडाला कसं धरतं, ठाऊक आहे ना?"

लोरेडानानं पहिला कप बाईंपुढं ठेवला.

"आणखी काही?"

"तारेची घासणी असेल तर द्या. मला नको, यांना."