वाफेची जागा

खोबरं नको रे, नुसता चहा दे. प्रसादाचं खोबरं धुळ्याच्या त्या तेलगिरणीपासून माझ्या घशाखाली उतरत नाही.

तिथं वाफेवरच्या कढयांतून निघणारं दाबातलं उकळतं पाणी बॉयलरकडे परत न्यायचं होतं. मोठ्या साहेबांनी तासाला किती किलो पाणी येतं ते पाहिलं, त्याचे सरळ लिटर केले आणि बारीक पाइप मागवला.

मी म्हटलं, "साहेब, दाब सुटला की थोड्या पाण्याची पाइपातच वाफ होणार. तिला पाण्यापेक्षा शेकडो पट जागा लागते."

"वजन वाढतं का?"

"नाही."

"मग पाइप कशाला वाढवू?"

पाणी सोडलं आणि फिटर हिरामणभाऊ धावत आले. "साहेब, पाइप धडका मारी ऱ्हायना!" पाइप खरंच धाडधाड आदळत होता.

"सांधा आवळ," साहेब म्हणाले.

भाऊंनी पाना लावला आणि सांधा फुटला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

खंडेनवमीला नव्या, दुप्पट रुंद पाइपाची पूजा झाली. नारळ साहेबांनीच फोडला. भाऊंचा उजवा हात अजून बँडेजात होता, म्हणून त्यांनी डावा पुढे केला.

साहेब खेकसले, "प्रसाद डाव्या हातानं घेतात का रे?"